बीज कोणी पेरले?

शून्य अंशाला पाणी गोठते, हे वाक्य शाळेच्या पुस्तकात इतक्या ठामपणे छापलेले असते, की त्याविषयी शंका घ्यावी असे कोणाच्या मनातही येत नाही. घड्याळात बाराचे ठोके पडावेत, तसे शून्य अंशावर पाण्याचे बर्फ व्हावे! पण या वाक्यात एक शब्द गाळलेला आहे. शून्य अंशाला पाणी गोठू शकते. गोठेलच, असे नाही. तीच गोष्ट धातूंची. तांबे १०८५ अंश सेल्सिअसला वितळते. तो रस निवत निवत पुन्हा १०८५ अंशांवर आला, की त्याला घट्ट होण्याची मुभा मिळते, एवढेच. मुभा मिळणे आणि काम सुरू होणे यांत केवढे अंतर असते, हे कचेऱ्यांतून खेटे घातलेल्या वाचकांना सांगायला नको.

काम सुरू व्हायचे तर कोणीतरी पहिले पाऊल टाकावे लागते. रसातले अणू सैरावैरा धावत असतात. त्यांतल्या काहींनी एकत्र येऊन, रांगा धरून, स्फटिकाचा पहिला कण उभा केला पाहिजे. त्या कणाला आपण बीज म्हणू. बीज एकदा पडले, की त्याच्याभोवती थरावर थर चढायला वेळ लागत नाही. जस्त चढवलेल्या नव्या बादलीवर बर्फाच्या नक्षीसारखी फुले दिसतात ना? त्यांतले प्रत्येक फूल म्हणजे एका बीजापासून वाढलेला जस्ताचा एक स्फटिक होय. फुले मोजली, तर बीजे किती पडली याची मोजदाद होते.

मग प्रश्न असा, की हे बीज पेरतो कोण? धातू ते आपल्याच अंगच्या बळावर घडवतो, की कोणा परक्या कणाचा, एखाद्या मळाचा, भांड्याच्या भिंतीचा आधार घेतो? प्रश्न साधा दिसतो. पण त्याचे उत्तर हाती यायला सव्वादोनशे वर्षे लागली. आणि ते आले तेव्हा धातूंविषयीची एक पक्की समजूत मोडूनच आले.

या गोष्टीची सुरुवात पाण्यापासून होते. तापमापकावर ज्यांचे नाव कायमचे कोरले गेले ते डॅनिएल गाब्रिएल फॅरनहाइट हे मूळचे डान्झिग शहरचे. पण त्यांचे उपकरणे बनवण्याचे काम चालले ते हॉलंडात. १७२१ सालच्या हिवाळ्यात त्यांनी काचेच्या एका लहान गोळ्यात पावसाचे पाणी भरले, ते उकळून आतली हवा घालवली आणि गोळ्याचे तोंड वितळवून बंद केले. मग तो गोळा त्यांनी थंडीत ठेवून दिला. बाहेरचा पारा त्यांच्याच मापाने १५ अंशांवर, म्हणजे आपल्या मापाने शून्याखाली नऊ अंशांच्याही खाली होता. रात्र गेली, सकाळ झाली, तरी आतले पाणी आपले पाणीच! त्यांना वाटले, हवा नाही म्हणून असे होत असावे. त्यांनी गोळ्याचे टोक मोडले, आणि बघता बघता पाण्यात बर्फाच्या पापड्या भरून गेल्या. पुढे एकदा असाच गोळा हातात घेऊन जाताना जिन्यावर त्यांचा पाय अडखळला. गोळ्याला हिसका बसला, आणि त्याच क्षणी आतले पाणी बर्फाने भरले. गोठणाऱ्या पाण्यात घातलेला पारा मात्र खाली जाण्याऐवजी झरझर चढून बरोबर ३२ अंशांवर येऊन थांबे. पाणी गोठताना आपल्याजवळची उष्णता सोडते, तिचा हा चटका. ही हकीकत १७२४ साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापून आली. गोठण्याच्या बिंदूच्या खाली जाऊनही पातळ राहण्याच्या या अवस्थेला पुढे अतिशीतन हे नाव पडले.

धातूंच्या बाबतीतही असले काही घडते, हे टांकसाळीतल्या मंडळींनी पाहिले होते. सोन्याचांदीचा कस काढताना हाडांच्या राखेच्या मुशीत धातूचा एक लहानसा मणी उरतो. तो निवत असतो, लाल होऊन मंदावत जातो आणि एकाएकी, कोणी फुंकर घातल्यासारखा, लख्खकन चमकून उठतो. मणी इतका वेळ नियमाने घट्ट व्हायला हवा होता, पण झाला नव्हता. आता एका क्षणात झाला, आणि कोंडलेली उष्णता बाहेर पडून तो पुन्हा तापला. फॅरनहाइट यांचा पारा चढला, तोच हा प्रकार. पण टांकसाळीला सोन्याच्या कसाशी कर्तव्य. त्या चमकेच्या पोटात काय दडले आहे, हे पाहण्याचे तिचे काम नव्हते.

ते काम अमेरिकेतल्या येल विद्यापीठातील जोसाया विलार्ड गिब्ज या अबोल प्राध्यापकाने केले. १८७६ ते १८७८ या काळात त्यांचा एक अजस्र निबंध कनेक्टिकट अकादमीच्या कार्यवृत्तात प्रसिद्ध झाला. तो वाचणारे थोडे आणि समजणारे त्याहून थोडे. त्यात या प्रश्नाची गुरुकिल्ली होती. ती गणिताच्या भाषेत आहे. आपण ती शेतकऱ्याच्या भाषेत पाहू.

समजा, माळरानावर कोणाला नवे शेत करायचे आहे. शेताच्या क्षेत्रावर पीक अवलंबून, आणि चारी बाजूंच्या कुंपणावर खर्च. शेत दहा हात लांब व दहा हात रुंद असेल, तर कुंपण चाळीस हातांचे आणि पीक शंभर चौरस हातांचे. शेत एकच हात लांबरुंद असेल, तर पीक एका चौरस हाताचे. पण कुंपण मात्र चार हातांचे! म्हणजे मोठे शेत फायद्यात आणि चिमुकले शेत बुडीत. स्फटिकाच्या बीजाचे नेमके हेच आहे. अणू रांगेत बसले की ऊर्जा वाचते, ते पीक. पण बीजाच्या अंगाभोवती पातळ रस आणि घट्ट स्फटिक यांच्यामध्ये जी सीमा तयार होते, तिच्यासाठी ऊर्जा मोजावी लागते, ते कुंपण. बीज एका ठरावीक मापापेक्षा लहान असेल, तर कुंपणाच्या खर्चाने बुडते आणि पुन्हा रसात विरघळून जाते. त्या मापापलीकडे पोचले, तर मग त्याला अडवणारे कोणी नाही. हे मापही ठाम नसते. रस जितका अधिक थंड, तितके पीक अधिक, आणि तितके लहान बीजही तगू शकते.

गिब्ज यांचा हिसाब पन्नास वर्षे जवळपास पडून होता. १९२६ साली बर्लिनमध्ये माक्स फोल्मर आणि त्यांचे सहकारी वेबर यांनी तो उचलला आणि त्याला काळाची जोड दिली: अशी तगणारी बीजे एका सेकंदात किती पडतील? पुढच्याच वर्षी लाडिस्लाउस फार्कास यांनी हे गणित पुढे नेले; १९३५ साली बेकर आणि ड्योरिंग यांनी ते नीटस केले. या मंडळींच्या वाट्याला आलेला काळ मात्र नीटस नव्हता. फार्कास यांना ज्यू म्हणून १९३३ साली जर्मनी सोडावी लागली. ते जेरुसलेमला गेले आणि १९४८ च्या अखेरीस विमान अपघातात वारले. फोल्मर यांना युद्ध संपताच रशियात नेण्यात आले आणि जड पाण्याच्या कामाला लावण्यात आले. ते मायदेशी परतले ते १९५५ साली. अणूंची वसाहत कशी वसते याचा शोध घेणाऱ्यांच्या स्वतःच्या वसाहती अशा उठल्या.

या गणिताने बीजाच्या दोन वाटा दाखवल्या. पहिली वाट स्वयंभू बीजाची. रसात कुठेही, कोणाच्या आधाराशिवाय, केवळ योगायोगाने पुरेसे अणू एकत्र आले तर बीज पडते. शास्त्रीय भाषेत हिला समांगी बीजनिर्मिती म्हणतात. दुसरी वाट आश्रित बीजाची. रसात तरंगणारा परका कण, मुशीची भिंत, पृष्ठभागावरची साय, यांपैकी कोणाला तरी टेकून बीज उभे राहते. हिला विषमांगी बीजनिर्मिती हे नाव आहे. स्वतंत्र घर बांधायचे तर चारही भिंती आपल्याच उभारायला हव्यात; पण घराला लागून पडवी काढायची, तर एक भिंत आयती मिळते. बीजालाही असेच आयते मिळते. मात्र भिंत त्याच्या पसंतीची पाहिजे. अळूच्या पानावर पाण्याचा थेंब अंग चोरून गोल बसतो, आणि स्वच्छ काचेवर तोच थेंब पसरतो. स्फटिकाचे बीज ज्या परक्या कणावर असे पसरून बसू शकते, तिथे गोलाऐवजी नुसती एक चकतीसारखी टोपी पुरते आणि अणू फारच थोडे लागतात. परक्या कणातली अणूंची रचना आपल्या रचनेशी जितकी जुळती, तितका हा पसरटपणा अधिक.

आपल्या घरातही ही दुसरी वाट चांगली परिचयाची आहे. पाकात दोरा सोडला की खडीसाखर दोऱ्यावर धरते. संक्रांतीचा काटेरी हलवा करताना तीळ परातीत घोळवीत वरून पाकाचे थेंब थेंब सोडायचे. साखर तिळाला धरते आणि काटा फुलतो. गृहिणींना हे शास्त्र नावाने नव्हे, तर हाताने ठाऊक होते. विरजणाशी मात्र याचा गोंधळ करू नये. विरजण जिवंत असते आणि आपली प्रजा वाढवते. तीळ शेवटपर्यंत एकच राहतो. तो फक्त टेकायला जागा देतो.

आता मूळ प्रश्न. धातू गोठतो तेव्हा यांपैकी कोणत्या वाटेने जातो? शतकाच्या मध्यापर्यंत सर्वसाधारण समजूत अशी होती, की धातूला परक्या आधाराची फारशी गरजच नाही. कारण उघड वाटे. मोठ्या भांड्यात वितळवलेला धातू गोठणबिंदूच्या खाली थोडे अंश गेला न गेला तोच घट्ट होई. शिवाय धातू वितळताना फार फुगतही नाही. बहुतेकांचे आकारमान शेकडा पाचाच्या आतच वाढते. म्हणजे पातळ धातूची घडण घट्ट धातूसारखीच असणार, दोहोंमधले कुंपण अगदी स्वस्त असणार आणि बीज सहज पडत असणार. असा हा सरळ तर्क होता.

तो खोडून काढायचा तर धातूतला सगळा मळ काढून पाहायला हवा. पण कितीही शुद्ध केला, तरी घनसेंटिमीटरभर धातूत परके कण उरतातच. आणि दुष्टपणा असा, की एक कण पुरे! एका कणावर बीज पडले की तिथून निघालेला स्फटिक साऱ्या रसभर पसरतो. गावात एकच बातमीदार असला, तरी चावडीवर सगळे जमलेले असताना बातमी साऱ्या गावाला कळते, तसे हे.

मग उपाय काय? बातमीदाराला शोधत बसायचे नाही. गावकऱ्यांनाच वेगवेगळ्या बेटांवर नेऊन बसवायचे! धातूचे लाखो बारीक थेंब करायचे आणि एकाला दुसऱ्याचा स्पर्श होऊ द्यायचा नाही. परके कण मोजके असतात. ते मोजक्याच थेंबांत अडकतील. उरलेले थेंब निर्मळ निघतील, आणि ते कधी गोठतात ते स्वस्थपणे पाहता येईल. या कल्पनेची चाहूल मेंडेनहॉल आणि इंगरसॉल या अमेरिकन शास्त्रज्ञांना १९०८ सालीच लागली होती. तापवलेल्या कांडीवर बसवलेले धातूंचे सूक्ष्म मणी शेकडो अंश खाली जाऊनही पातळ राहतात, असे त्यांनी लिहून ठेवले होते. पण एक चमत्कार म्हणून ती नोंद चाळीस वर्षे बाजूलाच राहिली.

तिला न्याय मिळाला तो अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातील स्केनेक्टडी या गावी, जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या संशोधनशाळेत. १९४६ साल त्या शाळेत बीजांचेच साल म्हणावे लागेल. नोबेल पारितोषिक मिळवलेले अर्व्हिंग लॅंगम्यूर तिथे ढगांचा अभ्यास करीत होते. त्यांचे सहायक व्हिन्सेंट शेफर हे थंड पेटीत आपल्या श्वासाचा ढग करून तो गोठवू पाहत. पेटीतले पाण्याचे सूक्ष्म थेंब शून्याच्या कितीतरी खाली जाऊनही गोठेनात. जुलै महिन्यातल्या एका उकाड्याच्या दिवशी पेटी थंड राहावी म्हणून त्यांनी आत कोरड्या बर्फाचा तुकडा टाकला, आणि पेटी लखलखणाऱ्या हिमकणांनी भरून गेली. कोरड्या बर्फाची थंडी शून्याखाली ७८ अंश. शून्याखाली ३९ अंशांच्या सुमारास पाण्याच्या निर्मळ थेंबांतही आपोआप बीज पडते. ही स्वयंभू वाट. त्याच वर्षी त्याच शाळेतले बर्नार्ड व्हॉनेगट स्फटिकरचनांचे तक्ते चाळीत बसले, बर्फाच्या रचनेशी जुळता पदार्थ शोधण्यासाठी. त्यांना सिल्व्हर आयोडाइड सापडले, आणि त्याच्या धुराने ढगांत हिमकण पडले. ही आश्रित वाट. आपल्याकडे मराठवाड्यात २०१५ सालच्या अवर्षणात विमानातून कृत्रिम पावसाचे जे प्रयोग झाले, त्यांचे मूळ गाव हेच.

व्हॉनेगट यांनी १९४८ साली पाण्याच्या थेंबांबरोबर कथिलाचे थेंबही तपासले. आणि १९४६ सालीच त्या शाळेत दाखल झालेले डेव्हिड टर्नबुल या तरुण रसायनज्ञाने हा धागा हाती घेतला. इलिनॉय राज्यातल्या शेतकरी मुलखात वाढलेला हा माणूस शांत आणि चिकाटीचा होता. रॉबर्ट सेक या सहकाऱ्यासह त्यांनी मिलिमीटरच्या विसाव्या भागाएवढे धातूचे मणी घेतले, ते काचेसारख्या स्वच्छ पट्टीवर पसरले, हवेचा मळ लागू नये म्हणून भोवती हायड्रोजन वायू खेळवला आणि सूक्ष्मदर्शकातून पाहत ते वितळवले व निववले. प्रत्येक मणी गोठताना क्षणभर लखकन चमके. टांकसाळीतली तीच ओळखीची चमक. ती कोणत्या तापमानाला दिसते, एवढेच लिहायचे.

१९५० साली निकाल प्रसिद्ध झाले. तांब्याचे मणी गोठणबिंदूच्या खाली २३६ अंश जाईपर्यंत पातळ राहिले होते. चांदीचे २२७, सोन्याचे २३०, लोखंडाचे २९५ आणि निकेलचे तर ३१९ अंश! निकेल १४५५ अंशांना वितळते, पण निकेलचा निर्मळ मणी साडेअकराशे अंशांच्याही खाली पातळ होता. आणखी नवल असे, की निरपेक्ष शून्यापासून मोजले, तर बहुतेक धातू आपल्या गोठणबिंदूच्या शेकडा अठरा भागाइतकेच खाली जात होते. जणू सर्वांनी मिळून एक नियम ठरवून घेतला होता.

याचा अर्थ फार मोठा होता. आजवर मुशीतला धातू दोनचार अंशांत गोठत होता तो आपल्या अंगच्या गुणाने नव्हे, तर मळाच्या कृपेने. कुंपण स्वस्त नव्हते. चांगलेच महाग होते. आपल्याच बळावर गोठायचे तर अडीचशे-तीनशे अंशांची थंडी सोसून काहीशे अणूंनी एकाच वेळी एकत्र यावे लागते. माणसाने जगात जेवढा धातू ओतला, मूर्ती, नाणी, तोफा, घंटा, तो जवळपास सारा परक्या कणाला टेकूनच घट्ट झाला होता, आणि ओतणाऱ्याला त्याचा पत्ता नव्हता.

पण पातळ धातू आणि घट्ट धातू जर इतके सारखे, तर कुंपण महाग का? याचे उत्तर १९५२ साली इंग्लंडात ब्रिस्टल येथे चार्ल्स फ्रॅंक यांनी सुचवले. एका लाडवाभोवती बारा लाडू ठेवायचे आहेत. दुकानात लाडवांची रास रचतात तशी रचना केली, तर ती हवी तितकी वाढवता येते. घट्ट धातूत पुष्कळदा अशीच रास असते. पण बारा लाडू मधल्याभोवती अधिक समतोल रीतीने बसवण्याची आणखी एक तऱ्हा आहे. तीत प्रत्येक लाडवाला पाच शेजारी मिळतात. तेरा लाडवांपुरती ही तहा अधिक सोयीची. परंतु पाचकोनी फरश्यांनी जशी जमीन फटींवाचून भरत नाही, तशी ही रचना पसरवता येत नाही. फ्रॅंक यांचे म्हणणे असे, की पातळ धातूत अणू या पाचांच्या पंगती धरून बसतात. स्फटिक व्हायचे तर आधी त्या मोडाव्या लागतात, आणि मोडण्याची किंमत पडते. हा नुसता तर्क होता. त्याला पुरावा मिळाला तो २००३ साली. अमेरिकेत केल्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वितळलेल्या धातूचा मणी विद्युत्बलाने अधांतरी तरंगत ठेवला, म्हणजे भांड्याचा प्रश्नच नाही, आणि क्ष-किरणांनी त्याचे अंतरंग पाहिले. पाचांच्या पंगती खरोखरच बसलेल्या होत्या.

टर्नबुल यांचा अठरा टक्क्यांचा नियम मात्र शेवटचा शब्द ठरला नाही. पुढे विस्कॉन्सिनचे जॉन पेरेपेझ्को यांनी थेंब आणखी बारीक आणि आणखी स्वच्छ केले. कथिलाचा थेंब पूर्वी शंभरएक अंश खाली टिकला होता. आता तो दीडशेहून अधिक अंश टिकला. म्हणजे ज्या थेंबांना आपण निर्मळ म्हणत होतो, त्यांतल्या काहींनाही कुठेतरी, बहुधा पृष्ठभागावर, परका आधार होताच. स्वयंभूपणाचा दावा सिद्ध करणे किती अवघड, हे यातून दिसते.

प्रयोगशाळेत मळ काढण्याची ही खटपट चालू असताना कारखान्यांत उलटाच उद्योग सुरू होता. तिथे मळ पाहिजे होता. मात्र निवडून घेतलेला. ओतणाऱ्याच्या तीन इच्छा असतात: कधी बीजे पुष्कळ हवीत, कधी एकच हवे आणि कधी एकही नको.

पुष्कळ बीजे हवीत ती ॲल्युमिनियमच्या आणि बिडाच्या ओतकामात. बीजे थोडी पडली, तर स्फटिक लांबलचक वाढतात, ओतीव वस्तू निवताना तडकते आणि तिची ताकद सगळीकडे सारखी येत नाही. ॲल्युमिनियमच्या रसात थोडे टायटॅनियम टाकले की कण बारीक पडतात, हे अनुभवाने कळले होते. ते का, याचा शोध इंग्लंडात सिबुला यांनी घेतला आणि १९४९ साली सांगितले, की टायटॅनियमच्या संयुगाचे न वितळणारे कण बीजाला आधार देतात. पुढे त्यांनीच बोरॉनची जोड दिली. आज जगभर ॲल्युमिनियमच्या रसात टायटॅनियम-बोरॉनची कांडी सोडतात. टनाला किलो-दोन किलो पुरते. पण नेमका आधार देते कोण, टायटॅनियम बोराइड की दुसरे कोणी, याचा वाद अर्धे शतक चालला. २०१५ साली ब्रुनेल विद्यापीठाच्या फॅन यांच्या गटाला बोराइडच्या कणांवर ॲल्युमिनियम-टायटॅनियमच्या संयुगाचा अवघा एका थराचा लेप दिसला. भिंत बोराइडची, पण तिला हा गिलावा असेल तरच पडवी टेकते! शिवाय केंब्रिजच्या ग्रीअर यांनी २००० साली दाखवले, की टाकलेल्या कणांपैकी शंभरातला जेमतेम एक कामी येतो. मोठे कण आधी बीज धरतात, त्यांच्या स्फटिकांच्या उष्णतेने रस किंचित तापतो, आणि लहानांची पाळी येतच नाही.

बिडाची गोष्ट आपल्या अधिक जवळची आहे. कोल्हापुरात शिरोलीला किंवा गोकुळ शिरगावला एखाद्या फाउंड्रीत गेलात, तर साच्यात रस ओतताना त्यात फेरोसिलिकॉनचे बारीक खडे सोडताना कामगार दिसतील. प्रमाण टनामागे दोनचार किलो. ग्राफाइटला बीज धरायला जागा मिळावी, म्हणून हा खटाटोप. ती मिळाली नाही, तर बिडातला कार्बन ग्राफाइट न होता लोखंडाशी संयोग पावतो आणि बीड पांढरे, काचेसारखे कडक होते; त्यावर हत्यार चालत नाही. म्हणून पाचरीच्या आकाराचा एक तुकडा आधी ओतून, निववून, घणाने तोडतात आणि त्याच्या टोकाकडे पांढरी चकाकी किती आत गेली आहे ते पाहतात. खड्यांचा गुण काही मिनिटांतच उतरतो. त्यामुळे रस घेऊन रेंगाळणे परवडत नाही. या क्रियेला कारखान्यात इनॉक्युलेशन म्हणतात. देवी टोचण्यालाही इंग्रजीत हाच शब्द होता. पण त्याचे मूळ आणखी मागे, लॅटिन भाषेतल्या बागकामात आहे, आणि तिथे त्याचा अर्थ झाडाला डोळा बसवणे असा आहे. आपला माळी गुलाबाला डोळा भरतो, तोच हा शब्द!

एकच बीज हवे असते ते विमानाच्या इंजिनातल्या पात्यासाठी. प्रचंड उष्णतेत स्फटिकांमधल्या सांध्यांतून पाते हळूहळू ताणले जाते. मग सांधेच नकोत! १९६० नंतरच्या दशकात प्रॅट अँड व्हिटनी कंपनीच्या संशोधकांनी साच्याच्या तळाशी डुकराच्या शेपटीसारखी पिळदार अरुंद वाट ठेवली. खाली शेकडो स्फटिक वाढू लागतात. वळणे घेत घेत एकच वर पोचतो आणि तोच सारे पाते भरून टाकतो.

आणि एकही बीज नको, ही तिसरी इच्छा सर्वांत अवघड. बीज पडण्याआधीच रस इतका थंड केला की अणूंना हलताच येऊ नये, तर धातू काचेसारखा, रांगांवाचून, गोठून जाईल. टर्नबुल यांचे थेंब एवढे टिकतात, म्हणजे हे अशक्य नाही, हे दिसत होते. १९६० साली कॅलिफोर्नियात पोल ड्यूवे यांच्या प्रयोगशाळेत सोने-सिलिकॉनच्या मिश्रणाचा थेंब सेकंदाला दहा लाख अंशांच्या आसपासच्या वेगाने निववला गेला, आणि पहिली धातूची काच तयार झाली. पण एवढ्या वेगाने निववता येते ते कागदासारखे पातळ पापुद्रेच.

टर्नबुल १९६२ साली हार्वर्ड विद्यापीठात गेले होते. त्यांनी घाईची नव्हे, तर स्वच्छतेची वाट धरली. १९८० नंतरच्या काही वर्षांत त्यांनी व त्यांच्या विद्यार्थ्यांनी पॅलेडियम, निकेल आणि फॉस्फरस यांचे मिश्रण वितळलेल्या बोरिक ऑक्साइडमध्ये बुडवून ठेवले. सोनार सवागी टाकून डाग देताना मळ काढतो, त्याच जातीचा हा उपाय. पृष्ठभागावरचे परके आधार धुऊन निघाले, आणि १९८४ साली सेंटिमीटरभर जाडीचा गोळा, सावकाश निवूनही, एकही स्फटिक न धरता काच झाला. तीस-पस्तीस वर्षांपूर्वी मण्यांत पाहिलेली गोष्ट त्यांनी आता मुठीत धरण्याजोगी केली. १९८६ साली त्यांना जपान पारितोषिक मिळाले. २००७ साली ते वारले.

धातूच्या काचेच्या पातळ फिती आज विजेच्या काही रोहित्रांच्या गाभ्यात असतात. अणूंच्या रांगा नसल्याने त्यांचे चुंबकत्व सहज उलटते आणि वीज वाया जाण्याचे प्रमाण उतरते. या दिवाळीत ज्या घरांच्या माळा अशा रोहित्रावरून येणाऱ्या विजेवर उजळतील, त्यांच्या उजेडात एकही बीज न पडल्याचा थोडा वाटा आहे. आणि फराळाच्या ॲल्युमिनियमच्या डब्यात असंख्य बीजे नीट पडल्याचा.